यंत्राचा हात, माणसाचा हुकूम

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी आमच्या मुलुंडच्या घरी चार मुले एक मोठा खोका घेऊन आली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले. तीन मुलगे आणि एक मुलगी. खोक्यातून त्यांनी काय काढावे? तर एक हात! काळ्या प्लास्टिकचा, खांदा-कोपर-मनगट असलेला, आणि बोटांच्या जागी चिमटा. तो त्यांनी आमच्या दादाच्या चाकाच्या खुर्चीला डाव्या अंगाने स्क्रू पिळून बसवला, तारा जोडल्या, आणि ती मुलगी म्हणाली, "काका, आता तुम्ही सांगाल तसा हा हलेल."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. १९९८ च्या मे महिन्यात राजापूरजवळच्या आमच्या गावी तो आंब्यावरून पडला आणि मानेतला मणका मोडला. तेव्हापासून त्याचे खांदे थोडे उचलतात, मान वळते, जीभ तर पूर्वीपेक्षाही जोरात चालते. परंतु बोटे हलत नाहीत. घास वहिनी भरवते, चष्मा मी पुसतो, आणि नाकावर माशी बसली तर तो खालचा ओठ पुढे काढून फुंकर घालतो. पाव शतक उलटून गेले, पण या फुंकरीची मला अजून सवय झालेली नाही.

"सांगाल तसा हलेल" हे ऐकून दादा म्हणाला, "ते ठीक आहे गं, पण सांगायचं कसं?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण कोणत्याही वस्तूची वंशावळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा दादाचा तो प्रश्न उशाशी घेऊन मी वर्षभर वाचीत राहिलो. दिवाळीच्या फराळाबरोबर ही हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

तसे पाहिले तर लांबचा हात कोकणी माणसाला नवा नाही. बांबूच्या टोकाला जाळी बांधून आंबा उतरवण्याचा जो झेला असतो, तो लांबवलेला हातच. दादाने त्या दिवशी झेला खाली ठेवून स्वतः फांदीवर चढायची हौस केली नसती तर... असो.

खुर्चीवरच्या या यंत्रबाहूचे एक घराणे अणूचे आहे, हे वाचून मी चकित झालो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेपुढे मोठी अडचण उभी राहिली. किरणोत्सर्गी पदार्थांना हात लावणे म्हणजे मरण, आणि हात न लावता काम होत नाही. रे गर्ट्झ नावाच्या इंजिनियराने १९५० च्या आगेमागे युक्ती काढली. जाड भिंतीच्या अलीकडे माणसाने एक मूठ धरायची, पलीकडे कोठडीत पोलादी पट्ट्यांनी जोडलेला चिमटा तशीच्या तशी हालचाल करणार. माणूस भिंतीत बसवलेल्या जाड शिसेमिश्रित काचेतून पाहात पाहात पलीकडची बाटली उचलणार. १९५४ मध्ये गर्ट्झने पट्ट्यांच्या जागी विजेची यंत्रणा आणली, तीही अशी की पलीकडच्या चिमट्याला वस्तू टेकली की अलीकडच्या मुठीला तिचा दाब जाणवावा.

त्याच १९५४ साली डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्बेला अणुशक्तीचे केंद्र उभे राहू लागले. १९५६ मध्ये 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, १९६४ मध्ये प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना चालू झाला, आणि भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्ये केंद्राला त्यांचे नाव मिळाले. तेथेही कोठड्यांच्या भिंतींतून असे हात आले, आणि पुढे असे हात बनवणारा स्वतंत्र विभागच तेथे निघाला. चेंबूर-घाटकोपरकडे राहणारी कितीतरी माणसे रोज सकाळी डबा घेऊन त्या डोंगराआडच्या कामावर जात. काचेपलीकडचे चिमटे चालवणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात, हाच चिमटा आपल्या शेजारच्या लुळ्या मुलाला घास भरवील, असे आले असेल काय? आले असले तरी एक मेख होती. गर्ट्झच्या यंत्राला अलीकडे मूठ धरणारा एक धडधाकट हात लागतो. ज्याला तोच नाही, त्याने काय धरायचे?

याचे उत्तर अणुवाल्यांनी नव्हे, रुग्णालयांनी शोधायला सुरुवात केली.

मणक्याला इजा झालेला माणूस फार दिवस जगत नाही, असा दुसऱ्या महायुद्धापर्यंत वैद्यकाचा समज होता, आणि तो बहुधा खराही ठरे. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांचा विभाग काढला आणि माणसे जगू लागली. पण जगून दिवसभर करायचे काय? या रुग्णालयात रेग मेलिंग नावाचे गृहस्थ स्वयंसेवक म्हणून जात. त्यांच्या ध्यानात आले की, हातपाय गेलेल्या रुग्णाला परिचारिकेला हाक मारायला एक शिट्टी तेवढी तोंडाशी दिलेली आहे. त्या शिट्टीवरून त्यांना कल्पना सुचली. श्वास आत ओढला की एक खूण, बाहेर फुंकला की दुसरी. आणि या दोन खुणांवर दिवा, घंटा, अगदी टंकलेखन यंत्रही चालवायचे. १९६० च्या सुमारास तयार झालेल्या या यंत्राचे नाव पडले 'पॉसम'. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे तशी जुळत होती, आणि लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मला जमते' असा होतो. हे मी दादाला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझी माशीवरची फुंकर वायाच जात होती म्हण की!"

अमेरिकेत त्याच सुमारास क्लीव्हलंडच्या केस तंत्रसंस्थेत लुळ्या हाताभोवती धातूचा सांगाडा बसवून तो हात हलवण्याचे प्रयोग झाले. रुग्णाच्या डोक्यावर दिवा बांधलेला. त्याने मान वळवून त्या दिव्याचा झोत समोरच्या खुणांवर पाडायचा की ठरवून ठेवलेली हालचाल सुरू. परंतु खरी कमाल केली ती लॉस एंजल्सजवळच्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाने. हे पोलिओच्या रुग्णांचे मोठे केंद्र. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे 'सोनेरी हात' या नावाचा सांगाडा तयार झाला आणि तो चाकाच्या खुर्चीवरच बसवण्यात आला. त्याला सात हालचाली होत्या, आणि त्या चालवायच्या कशाने? जिभेने! तोंडापाशी बटणांची रांग, प्रत्येक बटण एका सांध्याचे. इकडे ढकलले की सांधा वर, तिकडे ढकलले की खाली.

वाचकांनी एक क्षण कल्पना करावी. फळीवरचा लाडवांचा डबा घ्यायचा आहे. आपण काय करतो? डब्याकडे पाहतो आणि हात जातो. खांदा किती उचलायचा, कोपर किती उघडायचे, मनगट केव्हा वळवायचे हा हिशेब आपण करीत नाही. आपल्या आतला कुणी मुनीम तो बिनबोभाट करतो. रँचोच्या रुग्णाला तो सगळा हिशेब जिभेच्या टोकाने मांडावा लागे. आधी खांदा, मग कोपर, मग पुन्हा खांदा, कारण कोपर उघडल्यावर हात खाली आलेला असतो. एक पेला तोंडाशी आणायचा म्हणजे बुद्धिबळाचा एक डाव! तरीही माणसे ते शिकली, आणि मला वाटते, त्या शिकण्यामागे तहान नव्हती, हट्ट होता.

पुढची पायरी युरोपात पडली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी पन्नास मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान केवळ बाहूंच्या बळावर पोहला. त्याच हायडेलबर्गमध्ये डॉ. पेस्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकात, ज्यांचे बाहूही गेले आहेत त्यांच्यासाठी यंत्राच्या हाताचे काम हाती घेतले.

फ्रान्समध्ये १९७५ मध्ये 'स्पार्टाकस' नावाचा प्रकल्प सुरू झाला, आणि येथे आपली दोन्ही घराणी एकत्र आली. कारण त्यांनी वापरलेला हात फ्रेंच अणुशक्ती आयोगाने कोठड्यांसाठी बनवलेला होता! हा हात अवजड होता, खुर्चीवर मावणारा नव्हता. पण त्या प्रकल्पात काम केलेले हॉक क्वे पुढे नेदरलँड्समध्ये गेले, आणि १९८४ पासून त्यांनी खुर्चीवरच बसेल असा 'मॅनस' हात घडवला. खांद्यापासून मनगटापर्यंत सहा हालचाली आणि सातवी चिमट्याची. काही वर्षांत तो बाजारात आला, आणि डच लोकांनी पात्र रुग्णांना तो आरोग्य विम्यातून देऊ केला. सुबुद्ध राष्ट्र! मॅनसमध्ये सांध्यांचा हिशेब करणारा मुनीम यंत्रात बसवलेला होता. 'पुढे' म्हटले की सगळे सांधे आपापसांत ठरवून चिमटा सरळ पुढे नेत.

मग अडले कुठे? हुकुमातच. मॅनस चालवायला सोळा बटणांची पाटी होती, किंवा हनुवटीने हलवायची दांडी. दांडी दोनच वाटांनी हलते, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे; हाताला हालचाली सात. म्हणून दर वेळी खाते बदलायचे. आता ही दांडी हात सरकवील, आता ती वर-खाली नेईल, आता मनगट फिरवील, आता चिमटा मिटेल. एकाच सुकाणूने कधी होडी वळवायची, कधी शीड ओढायचे, कधी नांगर टाकायचा, तसे हे. आणि आपण कोणत्या खात्यात आहोत हे विसरलो की नांगर टाकायच्या ठिकाणी होडी खडकावर. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लॉरा हरलँट, सिद्धार्थ श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजणीत कामाच्या वेळाचा सुमारे सहावा हिस्सा नुसती खाती बदलण्यात जात होता. श्रीनिवास मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. त्यांनी यंत्रालाच पुढच्या खात्याचा अंदाज बांधून ते आपण होऊन बदलायला शिकवले.

आमच्या घरी त्या रविवारी हाच इतिहास अर्ध्या दिवसात पुन्हा घडला. मुलांनी तीन रीती आणल्या होत्या. पहिली, हनुवटीची दांडी. दादाने वीस मिनिटे खटपट केली, तिसऱ्या खात्यात असताना दुसऱ्यात आहोत असे समजला, आणि पाण्याचा पेला त्याच्या मांडीवर उपडा झाला. पाणी थंड होते हे नशीब. दुसरी रीत आवाजाची. 'वर', 'खाली', 'धर', 'सोड', 'थांब' असे पाच शब्द यंत्राला पढवले होते. ते दोनदा नीट चालले. पण तेवढ्यात वहिनीच्या कुकरने शिट्टी दिली आणि हात काय समजला देव जाणे, तो चिमटा उघडून वर गेला. शेजारचा लहानगा दारातून "थांब, थांब" ओरडत होता, तेही त्याने इमानेइतबारे ऐकले. तिसरी रीत मुलांच्या विशेष अभिमानाची. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पेला दिसतो, दादाने मानेच्या इशाऱ्याने त्यावर खूण करायची, पुढचे सारे यंत्र स्वतः करील.

पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूवर नुसते बोट ठेवायचे, ही कल्पना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल येथील विद्यापीठात होली यांको आणि कॅथरीन त्सुई यांनी मॅनसच्या हातावर २००७-०८ च्या सुमारास अजमावली होती. महत्त्वाचे म्हणजे ती त्यांनी प्रयोगशाळेतल्या धट्ट्याकट्ट्या विद्यार्थ्यांवर अजमावून समाधान मानले नाही. न्यू हँपशायरमधल्या पुनर्वसन केंद्रात, खुर्चीत बसणाऱ्या माणसांसमोर तो हात नेला. हे सांगायचे कारण असे की, असल्या पुष्कळ यंत्रांची परीक्षा ज्यांना त्यांची गरज नाही त्यांच्याच हाती झालेली असते. जोडे दुसऱ्याच्या पायावर मापून शिवण्यातला हा प्रकार.

तिसऱ्या रीतीने पेला सुरळीत उचलला गेला, दादाच्या ओठांपर्यंत आला, त्याने नळीने पाणी ओढले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, "काका, हीच सोपी, नाही?"

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोपी आहे. पण हे तर वहिनीही करते. त्या दांडीने सांडलं, पण ते मी सांडलं."

मुलांचे चेहरे पडले. मलाही दादाचा राग आला. एवढ्या हौसेने आली बिचारी! पण नंतरच्या वाचनात फ्लोरिडातील एक प्रयोग सापडला. अमन बेहल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांना हाच मॅनस हात दोन प्रकारे चालवायला दिला. काहींना सारे यंत्राने करायचे अशा रीतीने, काहींना स्वतः चालवायच्या रीतीने. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. यंत्राच्या रीतीत श्रम कमी पडत होते यात शंका नव्हती, तरीही समाधान स्वतः चालवणाऱ्यांचे अधिक होते! तो उतारा मी मुलांना पाठवला, आणि तेव्हा कुठे माझ्या मनातला दादावरचा राग गेला.

म्हणून पुढचे संशोधन अर्धे-अर्धे वाटून घेण्याकडे वळले आहे. दिशा माणसाने दाखवायची, बारीकसारीक सावरण यंत्राने करायची. कॅनडातल्या किनोवा कंपनीचा 'जाको' हात आज बराच चालतो. त्याचे वजन पाच-सहा किलो. कंपनीच्या एका संस्थापकाचे मामा स्नायूंच्या आजाराने खुर्चीला खिळलेले होते, आणि त्यांनी स्वतःपुरता एक हात घरीच जुळवला होता. त्या मामांचे नाव जाक, त्यावरून हाताचे नाव. किंमत मात्र लाखांच्या घरात, आपल्याकडच्या मध्यम घराला न झेपणारी. २०१२ मध्ये अमेरिकेत, पंधरा वर्षांपूर्वी पक्षाघाताने हातपाय आणि वाचा गेलेल्या एका बाईने मेंदूत बसवलेल्या लहानशा तबकडीच्या साहाय्याने नुसत्या विचाराने यंत्रबाहू हलवून कॉफी प्यायली, ही बातमी जगभर गाजली. मला अधिक आवडते ती कॅलिफोर्नियाच्या हेन्री इव्हान्सची गोष्ट. तोही असाच पक्षाघाताने जखडलेला. त्याला भलामोठा यंत्रमानव देण्यात आला, तेव्हा मानेच्या इशाऱ्याने त्याने पहिल्या कामांपैकी एक कोणते केले, तर स्वतःच्या चेहऱ्याची खाज खाजवली. कित्येक वर्षांनी! नाकावरच्या माशीचा अनुभव असलेल्या आमच्या घराला याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

आपल्या मुंबईत खुर्चीवरच्या हाताचा इतिहास असा सलग लिहिता येत नाही, पण हुकुमाचा इतिहास आहे. फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि त्या आईने १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजीअलीचे मुलांचे रुग्णालय त्यातून उभे राहिले. १९५५ मध्ये तेथेच अखिल भारतीय भौतिक उपचार व पुनर्वसन संस्था सुरू झाली. दादाला आम्ही कितीदा तरी मुलुंडहून तिकडे नेला आहे. मालिनी चिब ही मुंबईची मुलगी जन्मतः मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेली. तिच्यासाठी आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. मालिनीबाईंचे बोलणे परक्याला कळत नाही आणि बोट चालते एकच. त्या एका बोटाने टाइप करीत त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि २०१० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नावच 'एक लहानसे बोट' अशा अर्थाचे आहे.

आणि २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईला आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी आलेल्या या शास्त्रज्ञाला तेव्हा हातातली एक कळ तेवढी दाबता येत होती. पडद्यावर शब्द सरकत जायचे, हवा तो आला की कळ दाबायची. त्या एका कळीवर विश्वाच्या उत्पत्तीचे व्याख्यान! त्यांची खुर्ची आत जाईल अशी मोटार महिंद्रा कंपनीने मुद्दाम करून दिली होती. पुढे दिल्लीत ते कुतुबमिनार पाहायला गेले तेव्हा घाईघाईने लाकडी उतरण बसवावी लागली. दादा तेव्हा नुकता खुर्चीत बसू लागला होता. दूरदर्शनवर ते पाहून तो म्हणाला होता, "एक कळ. माझ्याकडे तर अख्खी मान आहे."

पवईच्या आय.आय.टी.च्या औद्योगिक आरेखन केंद्रात ज्यांना बोलता येत नाही अशा मुलांसाठी 'जेलो' नावाची सोय तयार झाली आहे. पडद्यावरच्या चित्राला मुलाने बोट लावले की यंत्र त्याच्या वतीने मराठीतही बोलते. आमच्या चौघा मुलांनी पडद्यावर खूण करण्याची आपली रीत आता या चित्रांच्या धर्तीवर सुधारली आहे. चित्रे थोडी आणि मोठी, मान थोडी हलली तरी चालेल अशी. शिवाय दादाच्या हट्टाखातर एक बदल केला आहे. यंत्राने पेला ओठांपासून वीतभर अंतरावर आणून थांबायचे, आणि शेवटची वीत दादाने दांडीने स्वतः आणायची. त्या टप्प्यात खाते एकच, पुढे आणि मागे. 'थांब' या शब्दाच्या जागी टाळूला जीभ लावून केलेला 'टक्' असा आवाज ठेवला आहे. तो कुकरलाही येत नाही आणि शेजारच्या लहानग्यालाही अजून जमलेला नाही.

येत्या रविवारी मुले पुन्हा येणार आहेत. दादाने कामांची यादी मला लिहून घ्यायला लावली आहे. वर्तमानपत्राचे पान उलटणे, चष्मा वर सरकवणे, माशी. वहिनीने विचारले, "आणि फराळातलं काय ठेवू तुमच्या त्या हातापुढे? अनारसा?"

"अनारसा नको," दादा म्हणाला, "तो चिमट्यात मोडतो. आधी शंकरपाळ्यावर हात बसू दे."